कर्मवीर भाऊराव पाटील : मुलांना जबाबदारी देणारे अण्णा



२२ सप्टेंबर जवळ आला की शाळाशाळांतून कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या जयंतीची तयारी सुरू होते. फोटोला हार, दोन-तीन मुलांची पाठ केलेली भाषणं, मुख्याध्यापकांचं मनोगत आणि अर्ध्या-पाऊण तासात कार्यक्रम आटोपतो. भाषणात काय असतं तेही आपल्याला पाठ आहे. जन्म कुंभोजचा, रयत शिक्षण संस्था, कमवा आणि शिका, पद्मभूषण.

मागच्या वर्षी आमच्याकडेही असाच कार्यक्रम झाला. भाषणं नववीतल्या दोन हुशार मुलांनी केली, छान केली. सतरंज्या टाकणं, खुर्च्या लावणं, पाण्याचा जार आणणं ही कामं मागच्या बाकावरच्या चार-पाच मुलांनी केली. त्यातल्या दोघांचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात, एकाची आई लोकांकडे धुणीभांडी करते. कार्यक्रम संपल्यावर तीच मुलं खुर्च्या परत ठेवत होती, तेव्हा मला एकदम ओशाळल्यासारखं झालं. ज्या मुलांसाठी या माणसाने आयुष्य घातलं, ती मुलं त्याच्याच जयंतीला खुर्च्या उचलतात आणि स्टेजवर बोलतात दुसरीच. आणि त्यांना खुर्च्या उचलायला सांगणारी मीच होते.

त्यानंतर मी अण्णांचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं, या वेळी एक प्रश्न मनात ठेवून. हायस्कूलच्या वयातल्या गरीब मुलांना पुढारपण कसं शिकवायचं? आज यासाठी शिबिरं असतात, सभाधीटपणाचे वर्ग असतात. भाऊरावांकडे यातलं काहीच नव्हतं. तरीही त्यांच्या बोर्डिंगातून शिक्षक, प्राचार्य, बॅरिस्टर, कुलगुरू झालेली माणसं निघाली. हे कसं झालं ते समजून घ्यायचा हा प्रयत्न. वर्गात सांगायला उपयोगी पडेल म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

बालपण

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज या गावी झाला. वडिलांचं नाव पायगोंडा, आईचं गंगाबाई. घराणं जैन, मूळ गाव वाळवे तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. वडील महसूल खात्यात नोकरीला, त्यामुळे बदल्या ठरलेल्या. मुलाच्या शाळाही बदलत राहिल्या.

अभ्यासात भाऊराव काही पहिल्या नंबरचे नव्हते. अंगापिंडाने धिप्पाड, कुस्तीची आवड, स्वभाव हट्टी. अन्याय दिसला की हात आवरत नसे. अस्पृश्य समाजातल्या लोकांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, ती माणसं ताटकळत उभी राहतात, हे पाहून या मुलाने विहिरीचा रहाट मोडून टाकला, ही आठवण त्यांच्या बहुतेक चरित्रांत येते. रहाट मोडून पाण्याचा प्रश्न सुटत नाही हे खरं. पण दुसऱ्याची तहान स्वतःला जाणवणं ही पहिली पायरी असते, आणि ती या मुलाने फार लवकर ओलांडली होती.

कोल्हापूर : बोर्डिंगातून बाहेर

पुढच्या शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला आले. राजाराम हायस्कूलमध्ये नाव घातलं आणि राहायला जैन बोर्डिंगमध्ये जागा मिळाली. राजर्षी शाहू महाराजांचा तो काळ. खेड्यातल्या मुलांनी शिकावं म्हणून महाराज त्या त्या समाजाला वसतिगृहं काढायला मदत करत होते. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी वेगवेगळी वसतिगृहं कोल्हापुरात उभी राहिली. मुलांची राहण्याजेवणाची सोय झाल्याशिवाय गरिबाचं शिक्षण होत नाही, हे महाराजांनी ओळखलं होतं. ही गोष्ट भाऊरावांनी तिथेच जवळून पाहिली.

१९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. त्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर बोर्डिंगच्या चालीप्रमाणे त्यांना अंघोळ करून शुद्ध व्हायला सांगण्यात आलं. त्यांनी साफ नकार दिला. माणसांना भेटून आल्यावर अंघोळ कशासाठी, हे त्यांना पटेना. परिणाम व्हायचा तोच झाला. बोर्डिंग सोडावं लागलं. शाहू महाराजांच्या कानावर ही गोष्ट गेली आणि त्यांनी या मुलाला आपल्याकडे आसरा दिला.

शिक्षण मात्र फार पुढे गेलं नाही. इंग्रजी सहावीच्या आसपास ते थांबलं. पुढे ज्यांच्या नावाने शेकडो शाळा चालल्या, त्या माणसाकडे मॅट्रिकचं सर्टिफिकेटसुद्धा नव्हतं. वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलांना हे आवर्जून सांगावं.

पाटील मास्तर आणि नांगराचे विक्रेते

पोटासाठी भाऊराव साताऱ्यात शिकवण्या घेऊ लागले. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. याच काळात, १९१० च्या सुमारास, मित्रांच्या सोबतीने दुधगाव इथे विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढण्याच्या कामात त्यांनी भाग घेतला. सगळ्या जातींच्या मुलांना एकत्र ठेवून शिकवण्याचा हा पहिला प्रयोग.

मग आली ती डांबर प्रकरणाची परीक्षा. १९१४ मध्ये कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासलं. त्यात अण्णासाहेब लठ्ठे यांना गुंतवण्याचा डाव होता आणि त्यासाठी भाऊरावांनी खोटी साक्ष द्यावी असा दबाव आला. साक्ष दिली असती तर ते लगेच सुटले असते. त्यांनी दिली नाही. तुरुंगात हाल सोसले, जीव नकोसा व्हावा इतका त्रास झाला, पण खोटं बोलले नाहीत.

पुढे काही वर्षं त्यांनी विक्रेत्याची नोकरी केली. ओगल्यांच्या काचसामानाची, किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांची. आपल्याला वाटेल, शिक्षणमहर्षींच्या चरित्रात या नोकऱ्यांचं काय एवढं? पण बघा, नांगर विकायचा म्हणजे गावोगाव फिरणं आलं, शेतकऱ्याच्या बांधावर बसणं आलं. दक्षिण महाराष्ट्रातली खेडी त्यांनी अशी पायाखाली घातली. शेतकऱ्याच्या घरात हुशार पोरगं आहे, गावात चौथीच्या पुढे शाळा नाही, तालुक्याला ठेवायची ऐपत नाही, म्हणून ते गुरांमागे जातं, हे त्यांनी घरोघरी पाहिलं. पोरात बुद्धी आहे, बापाची इच्छा आहे, अडतं ते फक्त राहण्याजेवणापाशी. पुढचं सगळं काम त्यांनी या एका अडचणीभोवती उभं केलं.

काले गावातली सुरुवात

४ ऑक्टोबर १९१९. कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारांची ही मंडळी. नावातच रयत, म्हणजे कसणारी, राबणारी सामान्य माणसं.

संस्थेची उद्दिष्टं आजच्या शिक्षकाने एकदा तरी नीट वाचावीत. मागासलेल्या वर्गांत शिक्षणाची गोडी निर्माण करणं आणि त्यातल्या गरीब मुलांना शक्यतो मोफत शिक्षण देणं हे तर त्यात आहेच. पण वेगवेगळ्या जातींच्या मुलांमध्ये प्रेमभाव वाढवणं, अयोग्य रूढींना फाटा देणं, आणि मुलांना काटकसरी, स्वावलंबी, शीलवान व उत्साही बनवणं, हेही लिहिलेलं आहे. १९१९ साली एका खेड्यात बसून या माणसांनी हे ठरवलं होतं. आज आपण ज्याला व्यक्तिमत्त्व विकास म्हणतो, तो त्यांनी संस्थेच्या कागदावर पहिल्याच दिवशी मांडला.

संस्थेचं बोधचिन्ह वटवृक्ष. वडाच्या पारंब्या जमिनीला टेकतात, मूळ धरतात आणि मग तेच झाडाला आधार देतात. ज्या मुलांना आज आधार दिला, ती उद्या संस्थेला आणि समाजाला आधार देतील, असा त्याचा सरळ अर्थ घेता येतो.

साताऱ्याचं बोर्डिंग

१९२४ मध्ये भाऊरावांनी संस्थेचं बिऱ्हाड साताऱ्याला हलवलं आणि तिथे सगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह सुरू केलं. इथे थोडं थांबून विचार करू. कोल्हापुरात प्रत्येक समाजाचं वेगळं बोर्डिंग होतं. त्या बोर्डिंगांनी हजारो मुलं शिकली, त्यांचं मोल कमी नाही. पण भाऊराव एक पाऊल पुढे गेले. मराठा, जैन, मुस्लिम, महार, मांग, चांभार, रामोशी, धनगर अशी सगळी मुलं एका छताखाली, एका पंगतीत. त्या काळी पंगत वेगळी असणं हाच नियम होता. एका पंगतीला बसायचं म्हणजे घरच्यांचा रोष, गावाचा रोष, प्रसंगी वाळीत टाकण्याची भीती.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी या वसतिगृहात आले आणि त्यांच्या हस्ते त्याचं श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहताना, जेवताना पाहून गांधीजींना फार समाधान वाटलं. पुढे हरिजन सेवक संघाकडून बोर्डिंगला मदतही मिळू लागली.

आता आपल्या प्रश्नाकडे येते. या बोर्डिंगात मुलं काय करत? तर सगळं करत. नोकरचाकर नाहीत. दळण, स्वयंपाक, भांडी, झाडलोट, पाणी भरणं, शेतातलं काम, बांधकामावर माती-दगड वाहणं. कामं आळीपाळीने. यात महत्त्वाची गोष्ट अशी की आज झाडू ज्याच्या हातात, उद्या पोळपाट त्याच्या हातात. पाटलाचं पोरगंही झाडलोट करणार आणि अस्पृश्य मानलेल्या घरातलं पोरगं सगळ्यांसाठी भाकरी भाजणार. ज्या गावात त्याच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्याच गावातली पोरं इथे त्याच्या हातची भाकरी खाणार. जात, श्रम आणि प्रतिष्ठा यावर कितीही भाषणं दिली असती तरी जे साधलं नसतं, ते स्वयंपाकघराच्या पाळीने साधलं.

आणि अशा कामातून पुढारपण आपोआप येतं. चाळीस-पन्नास जणांचं जेवण वेळेवर व्हायचं तर पीठ किती लागेल याचा अंदाज हवा, कोणी आजारी पडला तर त्याची पाळी कोण घेणार हे ठरवायला हवं, कामचुकार मुलाला भांडण न करता कामाला लावता यायला हवं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने हे रोज केलं की त्याला चारचौघांत उभं राहण्याची भीती कसली उरते? चुकलं तर सगळे उपाशी, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. जबाबदारी खरी असते, खेळातली नसते.

धान्य कुठून येई? गावागावांतून. बाया दळताना मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत, ते गोळा होऊन बोर्डिंगात येई. श्रीमंत देणगीदारांकडूनही भाऊरावांनी मदत घेतली. पण गरिबाची मूठ त्यांनी कधी कमी लेखली नाही. ज्या घरातून मूठभर जोंधळा येतो, त्या घराला ही शाळा आपली वाटते, हे या माजी विक्रेत्याला चांगलं कळत होतं.

लक्ष्मीबाई वहिनी

भाऊरावांची गोष्ट त्यांच्या पत्नीशिवाय सांगता येत नाही, आणि दुर्दैवाने आपल्या भाषणांत ती एका वाक्यात संपते. लक्ष्मीबाई खात्यापित्या, सोवळंओवळं पाळणाऱ्या घरातल्या. त्या घरातून आलेल्या बाईने सगळ्या जातींच्या मुलांचं जेवणखाण, आजारपण, कपडालत्ता स्वतःच्या अंगावर घेतला. मुलं त्यांना वहिनी म्हणत.

बोर्डिंगात कधी कधी धान्य संपे. भाऊराव मदतीसाठी बाहेरगावी आणि इथे मुलं भुकेली. अशा वेळी वहिनींनी एकेक दागिना मोडला. शेवटी गळ्यातलं मंगळसूत्रही विकून त्यांनी मुलांना जेवू घातलं. त्या काळच्या बाईसाठी मंगळसूत्र उतरवणं म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. १९३० मध्ये वहिनी गेल्या. संस्थेचा विस्तार, शाळा, कॉलेजं, मानसन्मान यातलं जवळजवळ काहीच त्यांना पाहायला मिळालं नाही.

मला इथे एक सांगावंसं वाटतं. ज्या मुलांनी वहिनींना दागिने मोडताना पाहिलं, त्यांना त्याग या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसेल. आपल्यासाठी कोणीतरी किंमत मोजली आहे, हे कळलेलं मूल सहसा वाया जात नाही. पुढे यातली कितीतरी मुलं तुटपुंज्या पगारावर खेड्यापाड्यांत शिकवत राहिली, त्याचं एक कारण हे असावं.

एक मास्तर, एक गाव

१९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघालं. १९३५ मध्ये साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. खेड्यातल्या मुलांनी शिक्षक व्हायचं आणि पुन्हा खेड्यातच जायचं, हा त्यामागचा हेतू. कारण शहरात वाढलेला मास्तर खेड्यात टिकत नाही, हा तेव्हाचाही अनुभव होता. (आजचाही आहे, हे आपण आपसात कबूल करायला हरकत नाही.)

मग व्हॉलंटरी शाळा आल्या. ज्या गावाला शाळाच नाही तिथे एक मास्तर जायचा. देवळात, चावडीत, कोणाच्या तरी ओसरीवर वर्ग भरवायचा. अशा ५७८ शाळा संस्थेने काढल्या. आता कल्पना करा. विशी-बाविशीतला पोरगा, काल बोर्डिंगात भाकरी भाजणारा, आज एका अनोळखी डोंगरी गावात एकटा. वर साहेब नाही, सोबतीला सहकारी नाही. गावाशी बोलायचं, पोरं गोळा करायची, मुलींना पाठवा म्हणून घरोघरी विनवायचं, गावातल्या जातीपातीतून वाट काढत सगळ्यांना एका ओळीत बसवायचं. नेतृत्वाची याहून अवघड परीक्षा कोणती? आणि तिची तयारी कुठे झाली, तर बोर्डिंगातल्या पाळीवर.

कमवा आणि शिका

१९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झालं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भाऊरावांच्या कामाला मदत केली होती, त्यांचं नाव या शाळेला दिलं. ही मोफत आणि निवासी माध्यमिक शाळा होती. जे फी देऊ शकत नाहीत त्यांनी श्रम करायचे आणि त्या श्रमावर शिकायचं. हीच कमवा आणि शिका योजना. जून १९४७ मध्ये याच पायावर छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं.

या योजनेबद्दल पालकांच्या मनात एक शंका असते आणि ती रास्त आहे. मुलांकडून काम करून घेणं म्हणजे बालमजुरी नाही का? कोणी संस्थेने गरीब मुलांना फुकटात राबवून घेतलं आणि त्याला कमवा आणि शिका असं गोंडस नाव दिलं तर? धोका खरा आहे. म्हणून भाऊरावांच्या योजनेत फरक कुठे होता ते नीट पाहायला हवं.

पहिला फरक, श्रमाचं फळ श्रम करणाऱ्यालाच मिळत होतं, शिक्षणाच्या रूपात. दुसरा फरक, श्रम आधी आणि शिक्षण वेळ उरला तर, असं नव्हतं. काम शिक्षणासाठी होतं. तिसरा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. काम ही गरिबीची शिक्षा नव्हती. बोर्डिंगात पाळी सगळ्यांना होती आणि खुद्द अण्णा जाडीभरडी खादी नेसून, अनवाणी पायाने, हातात काठी घेऊन मुलांमध्ये वावरत. फुकट मिळालेल्या शिक्षणाने मूल मिंधं होतं. स्वतःच्या घामावर शिकलेलं मूल मान वर करून चालतं. गरीब मुलाला दया दाखवणारे पुष्कळ असतात. भाऊरावांनी त्याला दया दाखवली नाही, त्याच्यावर विश्वास टाकला.

अनुदान बंद झालं तेव्हा

गांधीजींच्या हत्येनंतर भाऊरावांनी त्यांच्या नावाने १०१ हायस्कूलं काढण्याचा संकल्प केला. नेमकं याच सुमारास, १९४८ च्या आसपास, संस्थेवर मोठं संकट आलं. भाऊराव बोलायला फटकळ. मुंबई सरकारच्या धोरणावर त्यांनी जाहीर टीका केली आणि सरकारने संस्थेचं अनुदान बंद केलं. विचार करा, शेकडो शाळा, हजारो मुलं, मास्तरांचे पगार, आणि पैसा थांबलेला.

माफी मागून प्रश्न मिटला असता. पण डांबर प्रकरणात जो माणूस वाकला नव्हता तो इथेही वाकला नाही. ते लोकांकडे गेले. शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी, माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या परीने संस्था धरून ठेवली. गाडगे महाराजांनी सरकारदरबारी शब्द टाकला आणि अखेर अनुदान पुन्हा सुरू झालं. पुढे १९५४ मध्ये कराडला कॉलेज निघालं, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचंच नाव दिलं.

या प्रसंगात अण्णांचं काहीच चुकलं नाही असं म्हणायचं नाही. त्यांचा फटकळपणा संस्थेला महाग पडला आणि त्याची झळ मास्तरांना बसली. थोर माणसांची चरित्रं सांगताना आपण असे कंगोरे घासून गुळगुळीत करतो. मुलांना ते कंगोऱ्यांसकट सांगावं. पण संस्था तरली ती का, हेही सांगावं. पंचवीस-तीस वर्षं ज्यांच्यावर विश्वास टाकला होता, ती माणसं आपण होऊन उभी राहिली. पारंब्यांनी वड सावरला.

शेवटची वर्षं

१९५९ च्या जानेवारीत भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिलं. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने डी.लिट. ही सन्मान पदवी दिली. इंग्रजी सहावीच्या पुढे न गेलेला माणूस डॉक्टर झाला. आणि ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहं, १०८ माध्यमिक शाळा आणि ३ महाविद्यालयं होती.

त्यांच्या बोर्डिंगातल्या मुलांपैकी एकाचं नाव सांगते. पी. जी. पाटील. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, अण्णांच्या आधाराने शिकला, थेट विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला. वकिली करून बक्कळ पैसा मिळवता आला असता, पण परत येऊन संस्थेच्या कॉलेजात शिकवायला उभा राहिला. पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. असे नाव झालेले थोडे. नाव न झालेले, कुठल्या तरी वाडीवर तीस वर्षं पाढे शिकवून निवृत्त झालेले मास्तर कितीतरी. माझ्या मते खरं पुढारपण त्यांचंही तितकंच होतं.

आपण काय करू शकतो?

आपल्याकडे बोर्डिंग नाही, शेत नाही. पण काही गोष्टी उद्यापासून जमण्यासारख्या आहेत. मी करून पाहते आहे त्या सांगते.

१. वर्गातली कामं आळीपाळीने लावा आणि पाळीचा तक्ता भिंतीवर लावा. झाडू, फळा, पाणी, परिपाठाचं निवेदन, पाहुण्यांचं स्वागत, सगळं एकाच तक्त्यात. हुशार मुलगी झाडूही घेईल आणि मागच्या बाकावरचा मुलगा माईकही घेईल.

२. काम देताना त्यातला निर्णयही द्या. खुर्च्या लावायच्या असतील तर किती, कशा, कुठे, हे मुलांनाच ठरवू द्या. नुसतं उचल आणि ठेव म्हटलं तर ती हमाली झाली.

३. चूक होऊ द्या. निवेदन करताना मूल अडखळेल, सहलीच्या वर्गणीच्या हिशोबात पाच रुपये कमी येतील. ओरडण्याआधी त्यालाच शोधायला लावा. भाकरी करपल्याशिवाय कोणाला भाजता आली आहे?

४. वर्गप्रतिनिधी दर महिन्याला बदला. पहिल्या नंबरचं मूलच मॉनिटर, ही आपली सवय मोडूया.

५. पालकांनो, घरी मुलगा असो वा मुलगी, एक काम पूर्णपणे त्याच्याकडे सोपवा. आठवड्याचा भाजीबाजार म्हणा, धाकट्या भावंडाचा अभ्यास म्हणा. मधे मधे लुडबुड करू नका. आणि घरकाम फक्त मुलीच्या वाट्याला येत असेल, तर बोर्डिंगात भाकऱ्या मुलगेच भाजत होते, हे लक्षात ठेवा.

आमच्या वर्गात हा तक्ता जूनमध्ये लावला. सुरुवातीला दोन पालकांची तक्रार आली, आमच्या मुलाला झाडायला का लावता म्हणून. त्यांना समजावून सांगितलं, एकाला पटलं, एकाला अजून पटलेलं नाही. ज्या मुलाची आई धुणीभांडी करते, त्याच्याकडे जुलैत परिपाठाची पाळी आली. पहिल्या दिवशी त्याच्या तोंडून शब्द फुटेना, मुलं हसली. चौथ्या दिवशी त्याने सुविचार नीट वाचला आणि सहाव्या दिवशी गडबड करणाऱ्या मुलांना स्वतःच गप्प केलं. फार मोठी गोष्ट नाही ही, पण मला ती पुरे आहे.

या २२ सप्टेंबरला आमच्याकडे जयंतीचा सगळा कार्यक्रम मुलांकडे आहे. तक्त्याप्रमाणे त्या दिवशी सतरंज्या आणि खुर्च्यांची पाळी मागच्या वर्षी भाषण केलेल्या एका मुलाकडे आली आहे, आणि त्याच्यासोबत माझ्याकडेही. तुमच्या शाळेत काय करताय ते जरूर कळवा.